होडीच्या पेट्रोलवरचा कर जातो कुठं? कॅलिफोर्नियातल्या बोटक्लबांची संघटना अशी करते राखण

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात पेट्रोलवर कर आहे. हा पैसा रस्ते बांधायला आणि दुरुस्त करायला वापरायचा, असं साधं गणित. पण समजा कुणी धक्क्यावरच्या पंपावर आपल्या होडीच्या टाकीत पेट्रोल भरलं. करही भरला. होडी काही रस्त्यावर चालत नाही. मग त्या कराचं काय?

तिथल्या कायद्यात याचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. होड्यांमध्ये जळणाऱ्या इंधनावरचा कर अंदाजानं वेगळा काढायचा आणि तो होड्यांसाठीच्या एका स्वतंत्र निधीत टाकायचा. त्या निधीचं नाव हार्बर्स अँड वॉटरक्राफ्ट रिव्हॉल्व्हिंग फंड. होडीच्या नोंदणीची फीही यात जमा होते. खासगी आणि सरकारी धक्के बांधायला या निधीतून कर्ज दिलं जातं, त्या कर्जाचे हप्ते परत यातच येतात. होडी पाण्यात उतरवायचे रॅम्प, पोलिसांची पाण्यावरची गस्त, बुडालेल्या आणि टाकून दिलेल्या होड्या काढणं, जलपर्णी मारणं, असा सगळा खर्च इथूनच होतो.

आपल्याकडे शेतात रोटाव्हेटर चालवताना जे डिझेल जळतं त्यावरही रस्त्याचा उपकर लागतोच. त्याचा वेगळा हिशेब कोण ठेवतो? कोकणातल्या मच्छीमारांना मात्र डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, आणि तो मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो. म्हणजे संस्था असेल तर हिशेब होतो. कॅलिफोर्नियातही तसंच आहे. वेगळा निधी आहे म्हटल्यावर त्यावर डोळा ठेवणारे खूप असतात, म्हणून त्याची राखण करणारंही कुणीतरी लागतं. हे काम तिथं रिक्रिएशनल बोटर्स ऑफ कॅलिफोर्निया ही संघटना करते. तिला थोडक्यात आरबीओसी म्हणतात. १९६८ पासून ती काम करते आहे.

हौशी होडीवाले म्हणजे नेमके कोण

इथं एक गैरसमज आधीच काढलेला बरा. यॉट म्हटलं की सिनेमातली पांढरीशुभ्र, तीन मजली, श्रीमंतांची बोट डोळ्यासमोर येते. कॅलिफोर्नियात नोंदणी असलेल्या होड्या सहा लाखांच्या घरात आहेत आणि त्यातल्या बहुतेक लहान आहेत. जीपच्या मागं ट्रेलरला लावून न्यायच्या, रविवारी तलावात उतरवायच्या, मासे धरायचे आणि संध्याकाळी घरी आणायच्या. शिडाच्या होड्या घेऊन शर्यती लावणारे आणि महिनामहिना समुद्रात फिरणारेही आहेत. पण मासे विकून पोट भरणारे हे नव्हेत. मासेमारीचा धंदा करणाऱ्यांच्या संघटना वेगळ्या. हे लोक आवडीसाठी पाण्यावर जातात, म्हणून त्यांना हौशी म्हणायचं.

हौशी असले तरी खर्च चुकत नाही. होडीची नोंदणी दर दोन वर्षांनी करावी लागते. शिवाय जिल्हा पातळीवर होडीवर मालमत्ता कर लागतो, घरपट्टीसारखा, दर वर्षी. धक्क्यावर होडी बांधायचं भाडं वेगळं.

यातले बरेच जण एखाद्या क्लबाचे सभासद असतात. सॅन फ्रान्सिस्को यॉट क्लब १८६९ चा आहे, अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा सगळ्यात जुना. क्लब म्हणजे स्वतःचा धक्का, बसायची जागा, पोरांना शीड शिकवायची सोय, शर्यती आणि जेवणावळी. गावच्या तालमीसारखाच प्रकार, फक्त पाण्यावरचा.

क्लबांचा क्लब

एकट्या क्लबाचं म्हणणं सरकार ऐकत नाही हे त्या लोकांना लवकर कळलं. १८९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागरातल्या क्लबांनी मिळून पॅसिफिक इंटर-क्लब यॉट असोसिएशन काढली. आज उत्तर कॅलिफोर्नियातले शंभराच्या आसपास क्लब तिच्यात आहेत. दक्षिणेत, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगोकडं, १९२१ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया यॉटिंग असोसिएशन निघाली. प्रत्येक क्लबाचा प्रतिनिधी या संघटनेच्या बैठकीला जातो.

उत्तरेच्या संघटनेची लोकांना दिसणारी कामं आनंदाची आहेत. एप्रिलअखेरच्या रविवारी उपसागरात हंगामाचा पहिला दिवस साजरा होतो. सजवलेल्या होड्या शहरासमोरून रांगेनं जातात, धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या बाहेर काढणाऱ्या कोळी बांधवांना यातलं काही परकं वाटणार नाही. याच संघटनेचा दुसरा उपक्रम म्हणजे व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकांना वर्षातून एकदा होडीतून उपसागरात फिरवून आणणं. अलमेडा गावातल्या एन्सिनल यॉट क्लबात तो कार्यक्रम होतो. चाकाच्या खुर्चीसकट माणसाला हलत्या होडीत उचलून घ्यायचं म्हणजे चार हात लागतात, आणि ते हात क्लबांतून येतात.

न दिसणारं काम वेगळं. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्हीकडच्या क्लबांनी मिळून कायद्याच्या कामासाठी जी वेगळी संघटना धरली ती आरबीओसी. तिच्या संचालक मंडळावर दोन्हीकडची माणसं असतात. ती शर्यती भरवत नाही, धक्के चालवत नाही. राज्याची राजधानी सॅक्रामेंटो इथं बसून होडीवाल्यांचं म्हणणं मांडणं एवढंच तिचं काम. त्यासाठी नोंदणी केलेला प्रतिनिधी असतो, तिकडं त्याला लॉबिस्ट म्हणतात. लॉबिस्ट या शब्दाला आपल्याकडे वास चांगला नाही. तिथं मात्र त्याला सरकारदरबारी नाव नोंदवावं लागतं आणि कुणासाठी काम करतो, किती खर्च करतो हे वेळोवेळी जाहीर करावं लागतं.

वर्षभर हा माणूस करतो काय

वाचतो. निम्मं काम वाचण्याचंच आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात खालच्या सभागृहात ८० आणि सिनेटमध्ये ४० सभासद. वर्षाला दोन हजारांच्या आसपास नवीन विधेयकं येतात. त्यातली बहुतेक होडीशी संबंध नसलेली. पण पाण्याच्या, कराच्या किंवा कीटकनाशकाच्या विधेयकात मधेच एखादं कलम असतं आणि त्यामुळं पुढच्या वर्षी धक्का बंद पडू शकतो. ते कलम वेळेत सापडलं तर उपाय असतो, विधेयक मंजूर झाल्यावर नुसती ओरड राहते.

राज्यपाल १० जानेवारीपर्यंत अर्थसंकल्प मांडतात. तिथं राज्यपाल म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी निवडून दिलेला. होड्यांच्या निधीतून कुठं किती पैसे वळवले हे त्या कागदात आधी बघायचं. फेब्रुवारीत विधेयकांची गर्दी होते. वसंतात समित्यांच्या सुनावण्या. सुनावणीत कोणीही नागरिक उभा राहून आपलं नाव, गाव आणि बाजू की विरोध एवढं सांगू शकतो. अशा वेळी संघटना क्लबांना निरोप देते आणि क्लब सभासदांना आपापल्या आमदाराला पत्र लिहायला सांगतात. १५ जूनपर्यंत अर्थसंकल्प मंजूर झाला पाहिजे, १ जुलैपासून नवं आर्थिक वर्ष.

राजधानीतल्या माणसाला विधेयक वाचता येतं, पण अमुक नदीच्या वळणावर गाळ साचला आहे हे त्याला माहीत नसतं. धक्क्यावरच्या माणसाला गाळ दिसतो, पण विधेयक कळत नाही. मधली संघटना ही या दोघांमधली वायर आहे.

याशिवाय एक खुर्ची कायद्यानंच राखून ठेवलेली आहे. राज्याचा बोटिंग अँड वॉटरवेज कमिशन नावाचा सात जणांचा आयोग आहे. सभासद राज्यपाल नेमतात, सिनेट त्यांना मान्यता देते. त्यात एक जण धक्का चालवणारा असावा, एक पाण्यावरच्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या पोलीस यंत्रणेतला असावा आणि एक जण हौशी होडीवाल्यांच्या राज्य पातळीवरच्या मान्यताप्राप्त संघटनेचा सभासद असावा, असं कायदा सांगतो.

जलपर्णीची लढाई

उजनीच्या काठावर किंवा पंचगंगेच्या पात्राजवळ राहणाऱ्याला जलपर्णी सांगायला नको. हीच वनस्पती, मूळ दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या फुलांची, कॅलिफोर्नियाच्या डेल्टातही पसरली आहे. डेल्टा म्हणजे सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या दोन नद्या उपसागराला मिळतात तिथला पाणथळ मुलूख. सोळाशे किलोमीटरच्या आसपास जलमार्ग, मधे बेटं, बेटांभोवती मातीचे बांध आणि बांधांच्या आत शेती. मका, टोमॅटो, नासपती. कित्येक बेटांवरची जमीन खचत खचत समुद्रसपाटीच्या खाली गेली आहे.

१९८२ मध्ये कायदा होऊन डेल्टातली जलपर्णी आवरायची जबाबदारी राज्याच्या बोटिंग खात्यावर आली. पैसा अर्थातच होडीवाल्यांच्या निधीतला. अडचण अशी की कायद्यात नाव एकाच तणाचं होतं. पाण्याखाली वाढणारं एजेरिया नावाचं दुसरं तण पसरलं तेव्हा १९९६ मध्ये त्याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. मग तिसरं आलं, स्पंजप्लांट. त्याच्यासाठी पुन्हा विधिमंडळात जायचं. कायद्यात नाव येईपर्यंत तण थांबतं होय? खुरपणीला आठ दिवस उशीर झाला तर काय होतं हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

२०१३ मध्ये हा प्रश्न मुळातून सोडवायचा प्रयत्न झाला. त्या वर्षीच्या कायद्यानुसार बाहेरून आलेलं कोणतंही घातक पाणतण आधी वन्यजीव खात्यानं तपासायचं आणि ते धोकादायक ठरलं की बोटिंग खात्यानं लगेच कामाला लागायचं, दर वेळी नवा कायदा नको. या विधेयकामागं आरबीओसी उभी होती. होडीवाल्यांनी मागितलेल्या या गोष्टीचा फायदा शेतकऱ्यांच्या पंपांना आणि कालव्यांच्या तोंडांनाही झाला.

कायदा झाला म्हणून तण गेलं असं नाही. फवारणी ग्लायफोसेट आणि टू-फोर-डीची, आपल्याकडच्या कृषी केंद्रात मिळतात तीच नावं. पण डेल्टात दुर्मीळ मासे आहेत. त्यामुळं कुठल्या महिन्यात, कुठल्या खाडीत, किती फवारायचं याची परवानगी केंद्राच्या मत्स्य खात्यांकडून घ्यावी लागते. परवानगी लांबली की हंगाम हुकतो. २०१४ च्या सुमारास स्टॉकटन बंदराकडं जलपर्णी इतकी दाटली होती की रडारवर ती जमिनीसारखी दिसायची आणि मालवाहू जहाजांना रात्रीचा प्रवास टाळावा लागला. त्या वेळी लहान होड्यांचं काय झालं असेल याचा अंदाज बांधता येईल. माशांची काळजी घेणारेही चूक नाहीत, आणि पंख्यात तण अडकून मधेच बंद पडलेला होडीवालाही खोटं बोलत नाही.

जिथं हार झाली

संघटना दर वेळी जिंकते असं समजू नये. बोटिंगचं खातं पूर्वी स्वतंत्र होतं. २०१२ मध्ये राज्यपालांनी सरकारची फेररचना काढली आणि त्यात हे खातं राज्य उद्यान खात्याखाली घालायचं ठरलं. होडीवाल्यांनी विरोध केला. त्यांची भीती सरळ होती. उद्यान खात्याला स्वतःलाच पैशाची चणचण, मोठ्या घरात धाकटं भावंड गेलं की त्याचा डबा कोण खातो हे सांगायला नको. विरोध चालला नाही. १ जुलै २०१३ पासून खात्याचा विभाग झाला. निधी मात्र नावानं वेगळा राहिला, आणि तेव्हापासून दर जानेवारीला त्याचे आकडे जास्तच बारकाईनं बघावे लागतात.

तांब्याच्या रंगाचं प्रकरण अधलंमधलं म्हणायचं. होडीच्या पाण्यातल्या भागावर शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून तांबं असलेला रंग लावतात. तांबं हळूहळू पाण्यात उतरतं आणि बंदिस्त धक्क्यांत साचून जलचरांना बाधतं. सॅन दिएगोच्या शेल्टर आयलंड धक्क्यात हा त्रास नोंदवला गेला आहे. २०११ मध्ये हौशी होड्यांवर या रंगाला पूर्ण बंदी घालणारं विधेयक आलं, ते पुढं गेलं नाही. २०१३ मध्ये वेगळा मार्ग निघाला. रंगातून तांबं किती वेगानं सुटावं याची मर्यादा सरकारच्या कीटकनाशक खात्यानं ठरवायची. ती मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू झाली. बंदीही नाही आणि मोकळीकही नाही.

होडी चालवायच्या कार्डाचंही तसंच. इंजिन असलेली होडी चालवायला आता परीक्षा देऊन घेतलेलं कार्ड लागतं. शिडाच्या होडीला इंजिन असेल आणि ते सुरू असेल तर तिलाही. कायदा २०१४ चा, पण तो एकदम लादला नाही. १ जानेवारी २०१८ ला फक्त २० वर्षांपर्यंतच्यांना, मग दर वर्षी वय वाढवत १ जानेवारी २०२५ ला सगळ्यांना. फी १० डॉलर, एकदाच, आणि कार्ड जन्मभर चालतं.

पाणी कुणाचं

सगळ्यात मोठा वाद डेल्टाच्या पाण्याचा. कॅलिफोर्नियात पाऊस उत्तरेत आणि माणसं दक्षिणेत. डेल्टातून उचललेलं पाणी कालव्यांनी दक्षिणेत जातं, दोन कोटींहून जास्त लोक आणि मोठं शेतीक्षेत्र त्यावर अवलंबून आहे. डेल्टाला बगल देऊन पाणी न्यायचा बेत जुना आहे. १९८२ मध्ये वळसा कालव्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. नंतर दोन बोगद्यांची योजना आली, ती २०१९ मध्ये सोडून दिली. आता एका बोगद्याची आहे, सुमारे ७२ किलोमीटर लांब. राज्याच्या जलसंपदा खात्यानं डिसेंबर २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. २०२४ मध्ये सांगितलेला खर्च २० अब्ज डॉलरहून थोडा जास्त.

डेल्टातल्या शेतकऱ्यांना भीती आहे की वरच्या बाजूनं गोडं पाणी उचललं की खालून समुद्राचं खारं पाणी चढेल. होडीवाल्यांना भीती वर्षानुवर्षांच्या बांधकामाची, बंद पडणाऱ्या जलमार्गांची आणि उथळ होणाऱ्या पाण्याची. एरवी बांधाला लाटा लागतात म्हणून शेतकरी वेगानं जाणाऱ्या होड्यांवर चिडतो. बोगद्याच्या सुनावणीत मात्र दोघं एकाच बाकावर. दक्षिणेतल्या क्लबांची गोष्ट जरा अवघड आहे. त्यांच्या सभासदांच्या घरातल्या नळाला याच नद्यांचं पाणी येतं.

वाट बंद होणं म्हणजे काय हे डेल्टानं पाहिलेलं आहे. दुष्काळात खारं पाणी अडवायला २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये फॉल्स रिव्हर या प्रवाहात दगडांचा बांध घातला गेला. पाणी वाचलं. होड्यांची नेहमीची वाट बंद झाली. अशा वेळी बांध नको म्हणणं कुणालाच शोभत नाही. मग संघटना एवढंच मागते की कधी काढणार ते लिहून द्या, पाट्या आणि दिवे लावा, पर्यायी वाट आधी कळवा.

वर्गणी आणि नवं संकट

पैसा येतो कुठून? क्लबांच्या वर्गणीतून आणि सभासदांच्या देणगीतून, आपखुशीनं. सक्ती नाही. इथंच या व्यवस्थेची कमजोर बाजू आहे. सहा लाख होड्यांपैकी बहुतेकांचे मालक कुठल्याच क्लबात नाहीत. ते वर्गणी देत नाहीत, बैठकीला येत नाहीत, पण रॅम्प सुधारला की पहिल्या रविवारी त्यांचा ट्रेलर रांगेत असतो. पाणी वापर संस्थेत काम केलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. शिवाय क्लबात असणारे साधारणपणे मोठ्या होड्यांचे आणि बऱ्या ऐपतीचे. मग संघटना सगळ्यांच्या वतीनं बोलते म्हणताना ट्रेलरवाल्या मासे धरणाऱ्याचं गाऱ्हाणं खरंच पोचतं का, हा प्रश्न रास्त आहे.

त्याची परीक्षा सध्या चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉकटन बंदरात सोनेरी शिंपला सापडला. मूळचा आशियातला हा लहान शिंपला उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच दिसला. तो पाइप, पंप, जाळ्या, जिथं जागा मिळेल तिथं थरावर थर धरतो, म्हणून धरणवाले आणि पाणीपुरवठावाले धास्तावले आहेत. ट्रेलरवरून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाणारी होडी ही त्याची फुकटची गाडी. त्यामुळं काही तलावांनी बाहेरच्या होड्यांना बंदी केली. काहींनी होडी तपासून, सील लावून ३० दिवस कोरडी ठेवायचा नियम केला. धक्क्यावर कायमची बांधलेली मोठी होडी असणाऱ्याला याची झळ कमी. दर रविवारी वेगळा तलाव धरणाऱ्याची होडी मात्र महिनाभर अंगणात.

प्रत्येक तलावाचा नियम वेगळा असल्यानं गोंधळ वाढला आहे. एका तलावाचं सील दुसऱ्या तलावावर चालेलच असं नाही. सगळीकडं एकच तपासणी आणि एकच सील चालावं, गरम पाण्यानं होडी धुवायची केंद्रं जास्त निघावीत, अशी होडीवाल्यांची मागणी. या केंद्रांचा खर्च कोणत्या निधीतून करायचा, यावर पुढच्या अर्थसंकल्पांत वाद होणार.